चाळीस ट्रेलर, एक मैदान: मेळावा भरवतानाच्या नोंदी

३ ऑगस्ट

ठरलं. चाळीसेक ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची, आत राहता येणारी चाकांवरची घरं), तीन रात्री, एक मोकळं मैदान. कार्यक्रम काय, भाषणं कुणाची, बोधचिन्ह कसं, यावर लोक भरभरून बोलतात. पण ट्रेलरवाले एकत्र आले की मेळावा बसतो किंवा फसतो तो जमीन, फाटक, वीज, पाणी आणि मैला या पाच गोष्टींवर. म्हणून या नोंदी त्यांच्याच. पुढे कुणी असं काही भरवणार असेल तर त्याचा वेळ वाचावा.

मैदान ९५ मीटर रुंद, साधारण २४० मीटर लांब. गवत आखूड, उतार नावाला. पहारीने दर वीस पावलांवर टोचून पाहिलं. वरच्या अंगाला पहार चार बोटं जेमतेम जाते, खालच्या कोपऱ्यात वीतभर सहज शिरते. तो कोपरा नकाशावर लाल केला: तिथे फक्त तंबू आणि पायी माणसं, चाक नाही. १,५०० किलोचा ट्रेलर चार दिवस एकाच जागी उभा राहिला की कोरडी वाटणारी माती सुद्धा दबते, आणि निघताना चाक त्याच खड्ड्यातून वर काढावं लागतं.

१७ ऑगस्ट

आजची अख्खी संध्याकाळ मांडणीवर गेली. दोघातिघांचा आग्रह होता की ट्रेलर गोलात लावायचे. १९५० च्या दशकात एअरस्ट्रीम या अमेरिकी ट्रेलर कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांच्या ताफ्यांतले ट्रेलर चाकाच्या आऱ्यांसारखे उभे केलेले फोटो सगळ्यांनीच पाहिलेत, आणि ते सुंदर आहेत यात वाद नाही. वाद घालण्यापेक्षा कागद घेतला. ट्रेलरची रुंदी २.५ मीटर, आग लागली तर शेजारच्याला झळ बसू नये म्हणून दोन ट्रेलरांत ६ मीटर अंतर. म्हणजे प्रत्येकी ८.५ मीटर. चाळीस ट्रेलरांना आतल्या बाजूने ३४० मीटरचा परीघ लागतो, त्रिज्या ५४ मीटर. नुसता आतला गोलच १०८ मीटर रुंद, त्याबाहेर ट्रेलरची लांबी आणि वळायला रस्ता वेगळा. आपलं मैदान ९५ मीटर. विषय तिथेच संपला आणि कुणाचं मन दुखलं नाही.

अंतर कमी करा, असंही सुचवलं गेलं. त्याला साफ नकार. ट्रेलरच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम आणि प्लायवुड. आत गॅस सिलिंडर. पेट घेतला तर काही मिनिटांत सगळं संपतं. ६ मीटरमध्ये बाहेरचा मांडव ताणला, गाडी लावली तरी निदान ३ मीटर पट्टा पूर्ण मोकळा राहिला पाहिजे, हे आता पत्रकात ठळक अक्षरात जाईल.

शेवटी दोन्ही लांब कडांना तिरप्या जागा, मध्ये एका कडेने जाऊन दुसऱ्या कडेने परत येणारा एकेरी रस्ता.

३१ ऑगस्ट

रंगीत तालीम. आमच्यातला सगळ्यात लांब ट्रेलर, ८ मीटरचा, मुद्दाम आणायला लावला. ज्यांना एकच गोष्ट करायला वेळ आहे त्यांनी ही करावी.

पहिला अडथळा फाटकाचाच. फाटक ३.७ मीटर रुंद, म्हणजे ट्रेलरला ऐसपैस. पण समोरचा रस्ता अरुंद आणि वळण काटकोनात. वळताना ट्रेलरची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. गाडी पार आत गेली आणि ट्रेलरचं आतलं चाक खांबाच्या पायथ्याला टेकायला चार बोटं उरली. मागे घे, पुढे घे करत कसाबसा बाहेर काढला. हेच एकामागे एक वीस ट्रेलर उभे असताना झालं असतं तर रस्ता बंद पडला असता.

उपाय: पलीकडच्या बाजूचं शेताचं फाटक. ते रस्त्याच्या रेषेत आहे, वळण लागत नाही. अडचण अशी की त्याच्या आतली शंभरेक मीटर जमीन भुसभुशीत. तिथे भाड्याने जाड प्लास्टिकच्या पट्ट्या अंथरायच्या. खर्च वाढला, पण हा टाळता येणारा नाही.

दुसरी गोष्ट तिरप्या जागांची. काटकोनात मागे घ्यायला चालकाला पंधरा मिनिटं लागली. मग आम्ही दोरी हलवून जागा रस्त्याशी ६० अंशांत केल्या, तोंड जाण्याच्या दिशेला. तोच चालक, तोच ट्रेलर, पाचेक मिनिटांत आत. आणखी एक बदल: एकेरी रस्त्याची दिशा उलटी केली. चालक ज्या बाजूला बसतो, जागा त्याच बाजूला आली पाहिजे. मग तो खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरची पूर्ण बाजू बघत मागे घेतो. उलट्या बाजूला घ्यायचं तर ट्रेलर वळला की आरशात फक्त त्याची भिंत दिसते, मागचं टोक दिसतच नाही. कागदावर बाणाची दिशा बदलायला काही लागत नाही, पण चाळीस चालकांचा घाम वाचतो.

तिरप्या मांडणीत रस्त्याच्या कडेने प्रत्येक जागेला ८.५ ऐवजी ९.८ मीटर लागतात. एका कडेला वीस जागा म्हणजे १९६ मीटर. बसतं.

१४ सप्टेंबर

वीज. मुख्य जोडणी मैदानाच्या एका टोकाला. तिथून पलीकडे १२० मीटरवर जुनी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकलेली आहे, ‘चालते की’ म्हणून सांगण्यात आलं. आमच्यातल्या वायरमन काकांनी टोकाला १० अँपिअरचा हीटर लावला आणि मीटर धरला. २२८ व्होल्ट होते ते २१० वर आले. एका हीटरला १८ व्होल्ट पडतात, तर दहा ट्रेलर जोडल्यावर काय उरणार? व्होल्टेज पडलं की एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. चालू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट मागतो.

जुनी केबल रद्द. १६ चौरस मिलिमीटरची भाड्याने आणायची. तिच्यावर टोकाला ३० अँपिअर ओढले तरी पडझड साधारण ८ व्होल्ट. तीन ठिकाणी पेट्या. प्रत्येक ट्रेलरला ६ अँपिअरची वेगळी एमसीबी. एवढ्यात बॅटरीचा चार्जर, दिवे, पंप, फ्रिज आरामात चालतात. किटली आणि हीटर एकदम चालत नाहीत, एसी तर नाहीच. हे आधीच सगळ्यांना कळवलं. दोन कुटुंबांनी त्यावरून नाव मागे घेतलं. वाईट वाटलं, पण आल्यावर कळून चिडण्यापेक्षा हे बरं. झोपेत श्वासाचं यंत्र लावणारे तिघे आहेत, त्यांना पहिल्या पेटीजवळच्या जागा दिल्या.

१५ सप्टेंबर

काल रात्री मुक्कामाची चाचणी केली आणि मध्यरात्री एक पूर्ण पेटी अंधारात गेली. कारण एका ट्रेलरच्या गिझरचं एलिमेंट दमट झालं होतं, गळतीमुळे आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) पडली. आरसीडी पडली हे चांगलंच, तिचं ते कामच आहे. पण ती पेटीला एकच होती, म्हणून एकाच्या बिघाडाने सगळे अंधारात. शिवाय कुणाच्या ट्रेलरमुळे पडली हे शोधायला एकेक प्लग काढत बसावं लागलं. आता प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीडी. पैसे गेले, झोप राहील.

५ ऑक्टोबर

पाण्याचा हिशेब कुणीच करत नाही, कारण नळ दिसला की माणसाला पाणी आहे असं वाटतं. १० लिटरची बादली लावली. भरायला ५० सेकंद. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. प्रत्येक ट्रेलरला १०० लिटर धरले तर चाळीसांना ४,००० लिटर, म्हणजे साडेपाच तास नळ अखंड चालू, तोही नळी हलवायचा वेळ न धरता.

टाक्या भरूनच या, असं सांगणं सोपं होतं. पण १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि ज्यांची टाकी आसाच्या मागे आहे त्यांच्या ट्रेलरचा तोल रस्त्यावर बिघडतो. म्हणून तो मार्ग सोडला. त्याऐवजी दोन मोठ्या साठवणटाक्या, फ्लोट वाल्व लावून. रात्रभर त्या त्याच नळावर भरतात आणि सकाळी चार तोट्यांवरून एकदम पाणी मिळतं. तोटीची नळी ट्रेलरच्या टाकीत बुडवायची नाही, तोंडाशी धरायची. दाब गेला तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जातं. बागेची हिरवी नळीही नको. उन्हात तापली की पाण्याला प्लास्टिकचा असा वास येतो की चहासुद्धा पिववत नाही.

१२ ऑक्टोबर

मैला. मैदानाचा सेप्टिक टँक छोटा आहे. मालकांनी एकच अट घातली: शौचालयाच्या टाकीत निळं रसायन घालणाऱ्यांनी इथे ओतायचं नाही. बरोबर आहे त्यांचं. फॉर्मल्डिहाइड असलेल्या द्रवाने वास मरतो आणि सेप्टिकमधले जिवाणूही मरतात. चौकशी केली तर निम्म्याहून जास्त लोक तेच वापरतात आणि बाटलीवरचा मजकूर कुणी वाचलेला नाही. शेवटी मैला उपसणारा टँकर तीन दिवस उभा करायचं ठरवलं. सगळ्यात मोठा अनपेक्षित खर्च हाच.

ओतायच्या जागी टाकी धुवायला नळ लागतो. तो पिण्याच्या नळापासून पार दुसऱ्या टोकाला घेतला, आणि त्यावर लाल रंग. घाईतल्या माणसाला समोर जी नळी दिसेल ती तो वापरतो, म्हणून जवळजवळ ठेवायच्याच नाहीत.

२४ ऑक्टोबर

दोन दिवस पाऊस. लाल कोपऱ्यात पाणी साचलंय, बाकी ठीक. ट्रॅक्टरवाल्याला येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही दिवसांसाठी बांधून घेतलं.

२ नोव्हेंबर

आगमन. आठआठच्या तुकड्या, दोन तुकड्यांत पाऊण तासाचं अंतर, सगळ्यात दूरच्या जागा आधी. पहिली तुकडी लागायला दीड तास लागला, म्हणजे ठरल्याच्या दुप्पट. कारण मागे घेताना प्रत्येक ट्रेलरभोवती चारपाच जण उभे राहून वेगवेगळं ओरडत होते: घ्या, थांबा, उजवीकडे, अहो नाही, डावीकडे! चालक जितके आवाज ऐकतो तितका गोंधळतो.

दुसऱ्या तुकडीपासून नियम लावला. एका ट्रेलरला एकच माणूस, तोंडाने बोलायचं नाही, फक्त हात. त्याने चालकाला आरशात दिसेल असंच उभं राहायचं. दिसेनासा झाला की चालकाने ब्रेक दाबायचा, विचारायचं नाही. घरच्यांसह बाकी सगळ्यांनी वीस पावलं लांब. पुढच्या तुकड्या वेळेत लागल्या. नव्या चालकांना एक युक्ती सांगितली: स्टिअरिंगच्या तळाला हात धरा. मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. एक वहिनी पहिल्यांदाच ट्रेलर मागे घेत होत्या, त्यांनी एका दमात नेऊन लावला आणि उतरल्यावर हातच सोडेनात स्टिअरिंगचे. मी इतका आनंद दुसऱ्या कशात पाहिला नाही.

लावल्यावरचा क्रम फळ्यावर लिहून ठेवला होता, तरी समजवावा लागला. आधी आडवी पातळी, तीही एका बाजूच्या चाकाखाली उताराची फळी घालून. मग चाकांना पुढे-मागे ठोकळे. त्यानंतर हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे जोडतो तो जोड, सोडायची. मग पुढच्या जॅकने लांबीची पातळी. कोपऱ्यांतले पाय सगळ्यात शेवटी, आणि ते फक्त टेकवायचे. त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नसतो, चौकट वाकते. ठोकळ्यांआधी हिच सोडणारे दोघे वेळेत थांबवले.

३ नोव्हेंबर

आजचा दिवस वजनाचा. माझ्या मते मेळाव्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच झाली.

हिचवर ट्रेलरचा किती भार पडतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. तो कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, जास्त झाला तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढच्या चाकांची पकड जाते. अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपी कॅरव्हॅनला ५ ते ७ टक्के. पण ओढणाऱ्या गाडीच्या टोबारवर (गाडीच्या मागचा, ट्रेलर जोडायचा दांडा) छापलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच अंतिम.

त्यासाठीचा खास काटा नव्हता. साधा घरगुती वजनकाटा १५० किलोपर्यंतचाच, म्हणून तरफ केली. जाड फळी, एका टोकाखाली विटेवर ठेवलेला पाइप, दुसऱ्या टोकाखाली काट्यावर ठेवलेला पाइप, दोन पाइपांत १२० सेंटिमीटर. ट्रेलरचा पुढचा जॅक विटेकडच्या पाइपापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर टेकवायचा. काट्यावर भाराचा एक तृतीयांश येतो. नुसत्या फळीचं वजन वजा करायचं आणि तिप्पट करायची. ट्रेलर समतल आणि हिचच्या उंचीवर असला पाहिजे, नाहीतर आकडा फसवा. एकूण वजन मात्र तालीम झाल्यावरच सगळ्यांना वजनपुलावरून करून आणायला सांगितलं होतं.

एक ट्रेलर १,४०० किलोचा, अमेरिकी धाटणीचा. काटा २० म्हणाला, म्हणजे भार ६० किलो, चार टक्क्यांच्या आसपास. मालक म्हणाले, मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर हेलकावतो, त्यांना वाटायचं टायरचा दोष आहे आणि त्यांनी टायर बदललेही होते. आम्ही मागे गेलो. मागच्या बंपरवर दोन मिळून ३५ किलोच्या सायकली, आसापासून ३ मीटर मागे. आसामागे २ मीटरवर ८० लिटरची भरलेली पाण्याची टाकी. मागच्या कप्प्यात २५ किलोची हत्यारपेटी. सगळं वजन शेपटीला.

सायकली आत आसावर घेतल्या, टाकी रिकामी केली, पेटी पुढच्या कप्प्यात नेली. परत काट्यावर: ५२ च्या वर, म्हणजे १५७ किलो, उरलेल्या १,३२० किलोंच्या जवळजवळ १२ टक्के. एक नवा पैसा न खर्चता, सामान हलवून. टोबारची मर्यादा तपासली, तीही बसत होती. मालक बराच वेळ काट्याकडे बघत उभे होते. त्यांनी मग दुपारभर दुसऱ्यांच्या फळीपाशी बसून जॅक फिरवला.

वजनाबरोबर टायरही पाहिले. बाजूला छापलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष: ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर सहसा झिजून नाही, उभ्याउभ्या म्हातारे होऊन फुटतात. नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक भेगा असे बरेच सापडले.

३ नोव्हेंबर, रात्री

एका मांडवात जळका वास. केबलचं रीळ २५ मीटरचं, त्यातलं पाचेक मीटर सोडलेलं, बाकी गुंडाळलेलंच. हात लावला तर आतली वेटोळी मऊ पडली होती. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तिची क्षमता कितीतरी कमी होते. ६ अँपिअरची मर्यादा नसती तर वितळलीच असती. लगेच फेरी मारून सगळी रिळं पूर्ण सोडवून घेतली.

फेरीत आणखी एक दिसलं: थंडी येते म्हणून एकाने फरशीतली जाळी पायपुसण्याने झाकली होती. ती जाळी नुसती हवेसाठी नाही, गॅससाठीही आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो आणि त्याच भोकातून निघून जातो. पायपुसणं काढलं, कारण समजावलं.

५ नोव्हेंबर

निघण्याचा दिवस. येताना आखलेल्या तुकड्या जाताना आखल्या नव्हत्या, आणि सगळे नाश्ता आटपून एकाच वेळी निघाले. मैल्याच्या टँकरपाशी लांबलचक रांग, त्या रांगेने बाहेरचा रस्ता अडला, ज्यांना ओतायचं नव्हतं तेही अडकले. टँकर रस्त्याच्या कडेला न ठेवता आतल्या बाजूला, रांगेला वेगळी जागा देऊन उभा करायला हवा. दोन तास गेले.

चार ट्रेलर ट्रॅक्टरने काढावे लागले. ट्रॅक्टरची साखळी ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या हुकला लावायची, ट्रेलर हिचला जोडलेलाच ठेवून. ट्रेलरच्या चौकटीला साखळी लावू देऊ नये.

फाटकावर शेवटची तपासणी ठेवली होती: हिचचं कुलूप, सुरक्षा साखळी, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी), दिवे, पायऱ्या आत, पाय वर, छताची झडप बंद. छताची झडप उघडी राहिलेले सर्वांत जास्त निघाले. ज्यांनी चाक काढून बसवलं होतं त्यांना ८० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर

हिशेब. एकूण खर्चात जमिनीचं भाडं एक तृतीयांश, मैल्याचा टँकर एक पंचमांश, केबल आणि पेट्या साधारण तेवढंच. उरलेल्यात अंथरायच्या पट्ट्या, ट्रॅक्टर, पाण्याच्या टाक्या, विमा. मंडप आणि ध्वनिक्षेपकावर सगळ्यात कमी गेलं आणि त्याबद्दल कुणीही तक्रार केली नाही. नोंदणीची रक्कम आधी पूर्ण घेतली होती म्हणून तूट आली नाही. फक्त मागे घेतलेल्या दोन नावांचे पैसे परत दिले.

चाकांचे चर मालकांसोबत फिरून मोजले, माती टाकून रोलर फिरवला, बी पेरलं. अनामत पूर्ण परत मिळाली. फळी, दोन पाइप आणि खुणा केलेली दोरी जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी वजनासाठी एक नाही, तीन काटे लावायचे. ३ नोव्हेंबरला संध्याकाळ झाली म्हणून नऊ ट्रेलर न मोजता राहिले, आणि त्या नऊ जणांना फोन करून तरफेची मापं कळवायचं काम आज संपलं.